चॉकलेट ख्रिसमस पुडिंग मधोमध कच्चं राहतं, उलटलं की बसतं: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

आधी लक्षणं बघू. यांतलं एखादं तरी तुमच्या पुडिंगला लागू पडत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

– ताटलीत उलटल्यावर पुडिंग मिनिटभर छान उभं राहतं. मग बुडाशी फुगतं, बाजूला भेग पडते आणि तिच्यातून ओला गर बाहेर येतो.
– कापल्यावर कडेचा दोन बोटं भाग नीट शिजलेला दिसतो, पण मध्ये चकचकीत, दाताला चिकटणारा गोळा असतो.
– फॉइल काढलं की वरचा थर पांढुरका आणि बुळबुळीत. कधीकधी काठाशी पाणीच साचलेलं.
– शिजलंय, पण दडस. हलकेपणा अजिबात नाही.
– कोरडं आणि कडवट, कस्टर्ड ओतलं तरी घशाखाली उतरत नाही.
– मनुका-बेदाणे सगळे एका टोकाला जमलेले.

पहिली तीन लक्षणं वाफेची आहेत, उरलेली मिश्रणाची. मी इंग्लंडात राहते आणि डिसेंबर लागला की ओळखीच्या मराठी घरांतून मला या पुडिंगसाठी फोन येतात. तक्रार बहुतेक वेळा पहिल्या तिघांपैकीच असते, पण फोन करणारे दोष मात्र मिश्रणाला देत असतात. चॉकलेट जास्त झालं का, दुसरं आणू का, एखादं अंडं वाढवू का? माझं सांगणं एकच असतं: पाककृतीला हात लावायच्या आधी पातेल्यात बघा.

चॉकलेटमुळे नेमकं काय अडतं

पारंपरिक ख्रिसमस पुडिंगमध्ये मनुका, बेदाणे, करंट (बारीक काळ्या मनुका), ब्रेडचा चुरा, सुएट (कडक चरबीचा चुरा), गडद ब्राऊन शुगर, अंडी, मसाला आणि ब्रँडी असते. पूर्वी ते कापडात बांधून उकळत. काठ असलेल्या चिनी मातीच्या भांड्यात वाफवायची पद्धत नंतर रुळली. सहा ते आठ तास वाफ द्यायची आणि नाताळच्या दिवशी पुन्हा दोन तास. कच्चं मिश्रण फिकट तपकिरी असतं, ते तासागणिक काळपट होत जातं. इथल्या जुन्या बायका झाकण उघडून नुसत्या रंगावरून सांगतात की अजून तासभर हवा.

चॉकलेटचं पुडिंग पहिल्या मिनिटापासून काळंच असतं, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. कोकोचा वास तासाभरात घरभर पसरतो आणि पुडिंग झालंच असं वाटायला लागतं, म्हणजे वासाचाही उपयोग नाही. राहिली सुई. ती वितळलेल्या चॉकलेटच्या तुकड्यातून गेली तर शिजलेलं पुडिंगही कच्चं वाटतं. आणि वरच्या शिजलेल्या थरातून बाहेर येताना पुसली गेली तर कच्चं पुडिंगही शिजलेलं वाटतं. ज्या खुणांवर आपण विसंबतो त्या तिन्ही इथे फसवतात. चॉकलेट घातल्यानं पुडिंग बिघडत नाही. ते बिघडलंय हे मात्र ताटलीत उलटेपर्यंत कळत नाही.

पुढची मापं मी धरून चाललेय ती १.२ लिटरच्या भांड्याची: मनुका-बेदाणे-करंट आणि सुक्या चेरी मिळून ३५० ग्रॅम, भिजवायला १०० मिलि ब्रँडी किंवा संत्र्याचा रस, व्हेजिटेबल सुएट १०० ग्रॅम, गडद मस्कोवाडो साखर १२० ग्रॅम, ताज्या पांढऱ्या ब्रेडचा चुरा ११० ग्रॅम, सेल्फ-रेझिंग मैदा (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला) ७५ ग्रॅम, कोको पावडर ३० ग्रॅम, ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, ३ अंडी, एका संत्र्याची किसलेली साल, एक टीस्पून मिक्स्ड स्पाइस (दालचिनी-जायफळ वगैरेंचा तयार गोड मसाला). तुमची पाककृती वेगळी असली तरी चालेल, फक्त यातल्या प्रमाणांशी ताडून बघा.

पहिली तपासणी: घड्याळ

याला पैसे लागत नाहीत. पुडिंग किती वेळ वाफवलं आणि तो वेळ कुठून मोजला? भांडं पातेल्यात ठेवल्यावर पाण्याचं उकळणं थांबतं. ते पुन्हा खळखळायला लागल्यावर घड्याळ सुरू करायचं. १.२ लिटरच्या पुडिंगला तिथून किमान साडेचार तास, ६०० मिलिच्या छोट्याला तीन तास.

एवढा वेळ कशाला, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. ढोकळा पंधरा-वीस मिनिटांत होतो, मोदक त्याहून लवकर. पण ढोकळ्याचा थर दोन बोटांचा असतो आणि इथे गोळाच वीतभर जाडीचा असतो. शिवाय मिश्रणात साखर भरपूर असते, ती पाणी धरून ठेवते आणि मैद्या-ब्रेडमधला स्टार्च फुलायला जास्त उष्णता लागते. अंडं आधीच घट्ट होतं, त्यामुळे कडेनं पुडिंग उभं राहण्याइतकं धरतं. आतला स्टार्च मात्र अजून तयार नसतो. ताटलीवर मिनिटभर उभं राहून मग बसणारं पुडिंग हे असं असतं.

दुसरी तपासणी: पातेल्यातलं पाणी

पाणी पुडिंगच्या भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत हवं. भांड्याखाली उलटी बशी किंवा जाळी ठेवा, भांडं थेट तळाला टेकलं तर तळ करपतो. दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी पाणी घालायचं आणि ते किटलीतलं उकळतंच घालायचं. नळाचं गार पाणी ओतलं की वाफ थांबते, पुन्हा उकळी यायला वेळ जातो. असं चार-पाचदा झालं की तुमच्या साडेचार तासांतला बराच वेळ नुसता पाणी तापण्यात गेलेला असतो.

मागच्या नाताळात ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. “काकू, सुई अगदी स्वच्छ निघाली होती, तरी बसलंच.”
“पाणी किती वेळा घातलंस?”
“मध्ये घालायचं असतं?”
त्याचं पातेलं कोरडं कधी पडलं हे त्याला सांगता येईना, कारण झाकण काचेचं नव्हतं आणि तो दुसऱ्या खोलीत होता.

यावर सोपा उपाय आहे. खालची बशी उकळत्या पाण्यात भांड्याखाली सतत हलत राहते, तिचा बारीक टकटक आवाज येतो. बशी जड असली तर पातेल्यात एक स्वच्छ नाणं टाका. आवाज येतोय तोवर पाणी आहे आणि उकळतंय. आवाज थांबला की पाणी तरी संपलंय किंवा उकळी तरी बसलीय. दोन्ही वेळा उठून बघायचं. काम करताना कान त्या आवाजाकडे ठेवायची सवय लागते.

स्लो कुकरमध्ये करत असाल तर सेटिंग ‘हाय’वरच ठेवा, सुरुवातीलाच उकळतं पाणी घाला आणि आठ-नऊ तास धरा. ‘लो’वर मधला भाग कधीच पुरेसा तापत नाही.

पुण्यात करणाऱ्यांसाठी: तिथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, अर्धा तास वाढवलात की भागतं. महाबळेश्वर-पाचगणीला ते ९६च्या आसपासच उकळतं. तिथे उघड्या वाफेच्या नादी न लागता कुकर वापरा, त्याचं पुढे सांगते.

तिसरी तपासणी: शिजलंय हे ठरवता कसं

सुईवर विसंबायचं नाही, हे वर आलंच. डिजिटल स्वयंपाकाचा थर्मामीटर इथे दहाएक पौंडांत मिळतो आणि या पुडिंगसाठी त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. फॉइल-कागदातूनच टोक आत घाला, बरोबर मधोमध, भांड्याच्या निम्म्या खोलीवर. ९५ अंशांच्या वर आकडा स्थिर राहिला की झालं. ८५-८८ दिसत असेल तर आणखी तासभर वाफ. फॉइलला पडलेल्या भोकावर फॉइलचाच छोटा तुकडा घट्ट दाबून बसवायला विसरू नका.

थर्मामीटर नसेल तर मधल्या भागावर बोटानं हलकं दाबा. खड्डा पडून तसाच राहिला तर कच्चं, लगेच वर आला तर शिजलेलं. ही परीक्षा थर्मामीटरइतकी खात्रीची नाही, पण सुईपेक्षा बरी.

चौथी: उलटायची घाई

गॅस बंद केला आणि लगेच उलटलं, तर नीट शिजलेलं चॉकलेट पुडिंगही भेगाळतं. आतलं चॉकलेट आणि चरबी त्या वेळी पूर्ण पातळ असते. भांडं पातेल्यातून काढून झाकणासकट दहा-पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवा. मग कडेनं पातळ सुरी फिरवून उलटा. एवढ्यानंच कितीतरी पुडिंगं वाचतात.

पाचवी: झाकण आणि बांधणी

वरचा थर बुळबुळीत असेल तर पाणी आत शिरलंय. लोणी लावलेला ग्रीसप्रूफ कागद, त्यावर फॉइल, दोन्हींना मधोमध बोटभर रुंदीची चुणी, आणि काठाखाली दोरीनं घट्ट बांधणी. चुणी शोभेसाठी नाही घालायची. पुडिंग फुगतं तेव्हा कागदाला सैल व्हायला जागा लागते. ती नसेल तर कागद ताणला जातो, दोरी काठावरून सरकते आणि वाफ थेट मिश्रणावर जाते.

आता एक गोष्ट नीट निरखून बघा. बांधून झाल्यावर कागदाची कड फॉइलच्या खाली लोंबतेय का? पातेल्यातल्या पाण्याला ती टेकली तर वातीसारखं पाणी वर ओढते आणि तासाभरात भांड्यात घेते. बाहेरून सगळं घट्ट, व्यवस्थित दिसतं, दोरीही जागेवर असते. कागद दोरीखाली दोन सेंटिमीटर सोडून कापून टाका आणि फॉइलची कड त्यावर दुमडून घ्या.

मोदकपात्राच्या झाकणाला फडकं बांधतो तसं पातेल्याच्या झाकणाला बांधलं तरी चालतं, झाकणावरचं पाणी फॉइलवर कमी पडतं. टोकं मात्र वर झाकणाच्या मुठीला बांधा, आचेजवळ लोंबू देऊ नका.

सहावी: भांडं केवढं आणि किती भरलं

तुमचं १.२ लिटरचं भांडं खरंच तेवढं आहे का, हे पाणी मोजून ओतून बघा. चिनी मातीच्या जुन्या भांड्यांवर मापाऐवजी नुसता क्रमांक असतो आणि अंदाज चुकतो. मिश्रण काठापासून किमान दोन सेंटिमीटर खाली हवं. काठोकाठ भरलेलं भांडं फुगून झाकण उचलतं आणि मग पाचव्या तपासणीतला सगळा घोळ होतो. जाड चिनी मातीत उष्णता उशिरा पोचते. स्टीलच्या डब्यात ती लवकर पोचते, पण म्हणून वेळ फार कमी करू नका, अर्धा तास फार झाला.

इथवर खर्च काही नाही, झालाच तर थर्मामीटरचा. पहिली तीन लक्षणं असतील तर बहुतेक वेळा इथेच उत्तर सापडतं. आता मिश्रण.

सातवी: मनुका भिजवल्यावर उरलेली ब्रँडी

रात्रभर भिजवलेल्या मनुकांनी सगळी ब्रँडी प्यायली नसेल तर तळाशी उरलेली तशीच मिश्रणात ओतू नका. आधी गाळा, मोजा. दोन टेबलस्पूनपर्यंत ठीक, त्याहून जास्त असेल तर ती कस्टर्डला किंवा सॉसला वापरा. ‘अजून थोडी घालू’ म्हणत ओतलेली ब्रँडी मधल्या गोळ्याला कच्चं ठेवते. संत्र्याचा रस वापरलात तर हे जास्तच जाणवतं. आणि रसाचं पुडिंग आठवडाभरात संपवायचं, फ्रिजमध्येच ठेवायचं.

आठवी: डब्यात कोको आहे की ड्रिंकिंग चॉकलेट

हसू नका, डब्यावर वाचा. ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये मोठा भाग साखरेचा असतो. ३० ग्रॅम कोकोऐवजी ते घातलं की कोको कमी पडतो, साखर वाढते आणि मिश्रण ओलं राहतं. उलट बाजूनं, ‘चॉकलेटचा स्वाद कमी वाटतो’ म्हणून कोको ६० ग्रॅमवर नेला तर कोरडं, कडवट पुडिंग मिळतं. कोको मैद्यापेक्षा जास्त पाणी शोषतो. तो घालताना तेवढाच मैदा कमी करायचा असतो, वर जास्तीचा नाही. स्वाद वाढवायचा असेल तर संत्र्याची साल आणि चिमूटभर मीठ वाढवा.

इथल्या कोकोच्या डब्यावर घटकांमध्ये पोटॅशियम कार्बोनेट लिहिलेलं दिसतं. म्हणजे त्याची आंबट बाजू आधीच मारलेली आहे. तुमची पाककृती खाण्याच्या सोड्यावर आणि कोकोच्या आंबटपणावर फुगणारी असेल तर अशा कोकोनं ती फुगणार नाही आणि साबणासारखी चव मात्र येईल. सेल्फ-रेझिंग मैदा वापरा, त्यात दोन्ही बाजू असतात, प्रश्नच उरत नाही. मैद्याचं पाकीट किती जुनं आहे तेही बघा; मागच्या वर्षीच्या उघड्या पाकिटातला जोर गेलेला असतो.

नववी: चॉकलेट वितळवून घातलंत की चिरून

मी चिरून घालते, मसुरीच्या दाण्याएवढं बारीक. सगळं चॉकलेट वितळवून घातलं की ते प्रत्येक चुऱ्याला लेप लावतं आणि पुडिंग दडस होतं. त्याहून मोठा घोटाळा असा की गरम चॉकलेट सुएटवर पडलं तर सुएट वाटीतच वितळून जातं, आणि ते वाटीत वितळलं की त्याचा उपयोग संपला. वितळवायचंच असेल तर निम्मंच वितळवा, बोटाला कोमट लागेपर्यंत थांबा, आणि वितळवताना वाफेचा थेंबही आत पडू देऊ नका, चॉकलेट लगेच खडखडीत गोळा होतं. मिल्क चॉकलेट नको, त्यात साखर आणि दूध जास्त, कोको कमी.

दहावी: सुएट की लोणी

ही तपासणी शेवटाकडे ठेवली कारण इथे पाककृतीच बदलावी लागते, पण दडस पुडिंगचं खरं कारण बहुधा इथेच असतं. अस्सल सुएट म्हणजे गाईगुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. आपल्यातल्या अनेकांना ती चालत नाही, म्हणून सुएट गाळून सरळ वितळवलेलं लोणी घातलं जातं. लोणी पस्तीस अंशांच्या आतच पातळ होतं आणि मिश्रण घट्ट व्हायच्या आत त्यात मुरून जातं. सुएट पंचेचाळीस-पन्नास अंशांना वितळतं. तोवर भोवतीचं मिश्रण धरायला लागलेलं असतं, आणि कण वितळला की त्या जागी बारीक पोकळी उरते. पुडिंगचा हलकेपणा या पोकळ्यांमुळे येतो.

व्हेजिटेबल सुएट इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, ते पाम आणि सूर्यफूल यांसारख्या तेलांचं असतं आणि काम तेच करतं. पाकीट उचलताना नाव पूर्ण वाचा, दोन्ही प्रकारची पाकिटं शेल्फवर शेजारी शेजारी असतात. भारतात ते सहज मिळत नाही. तिथे लोणी फ्रीझरमध्ये दगडासारखं कडक करा, किसणीवर किसा, चमचाभर मैद्यात घोळवा आणि अगदी शेवटी मिसळा. सुएटइतकं हलकं होणार नाही, पण वितळवलेल्या लोण्यापेक्षा पुष्कळ बरं होतं.

अकरावी: ब्रेडचा चुरा आणि मिश्रणाचा घट्टपणा

चुरा न वाळवलेल्या, फार तर एक दिवस शिळ्या ब्रेडचा हवा. पाकिटातला खडखडीत वाळलेला चुरा त्याच वजनात घातला तर तो दुप्पट पाणी मागतो आणि पुडिंग कोरडं होतं. नुसता मैदा घातला तर चिवट होतं. सगळं मिसळल्यावर चमचाभर मिश्रण उचलून तिरकं धरा. तीन मोजेपर्यंत सुटून पडलं तर बरोबर. लगेच ओघळलं तर पातळ आहे, मनुका तळाशी बसणार, मूठभर चुरा घाला. पडलंच नाही तर चमचा-दोन चमचे संत्र्याचा रस.

मसाला मी मुद्दाम कमी ठेवते. १९२७ साली इथल्या एम्पायर मार्केटिंग बोर्डानं राजाच्या स्वयंपाकघरातली पुडिंगची कृती प्रसिद्ध केली होती. प्रत्येक जिन्नस ब्रिटिश साम्राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या भागातला: करंट ऑस्ट्रेलियाचे, लवंग झांजिबारची, दालचिनी भारतातली किंवा सिलोनची, रम जमैकाची. त्या काळी जगातला सर्वाधिक कोको गोल्ड कोस्टमध्ये (आजच्या घानात) पिकत होता आणि तोही साम्राज्यातच होता, पण यादीत कोको नाही. ती यादी दालचिनी-लवंग-जायफळाच्या जोरावर उभी आहे. कोको आला की तेवढा मसाला दोघांचीही चव मारतो. दालचिनी आणि जायफळ ठेवा, लवंग जवळजवळ काढून टाका.

प्रेशर कुकरची वाट

वेळ वाचतो, वीज-गॅस वाचतो, आणि उंचावरच्या गावी हाच मार्ग आहे. फक्त पहिली वीस मिनिटं शिट्टी न लावता, मंद वाफेवर. सुरुवातीलाच दाब आला तर पुडिंग फुगायच्या आतच घट्ट होतं आणि पुन्हा दडसपणाची तक्रार येते. नंतर शिट्टी लावून मंद आचेवर दीड तास. आपल्या शिट्टीच्या कुकरमधून वाफ थोडी थोडी जातच राहते, म्हणून पाऊण तासानं गॅस बंद करा, दाब आपोआप उतरू द्या, पाणी बघून उकळतं पाणी घाला आणि उरलेला पाऊण तास पूर्ण करा. फॉइल आणि दोरी भांड्याच्या काठाशी चापून बसवा. सुटलेला तुकडा वाफेच्या भोकाशी जाऊन बसला तर धोका आहे.

कच्चं निघालंच तर

अजून उलटलेलं नसेल तर काही गेलेलं नाही. नवा कागद, नवं फॉइल, उकळतं पाणी, आणखी तास-दीड तास. उलटून बसलं असेल तर ते परत भांड्यात भरून आकार येत नाही. चमच्यानं काढून ओव्हनच्या ताटात पसरा, फॉइल लावून १६० अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजा, मधला भाग ९५ अंशांपर्यंत गेला की वाट्यांत घालून कस्टर्डबरोबर वाढा. कच्चं अंडं असलेला गोळा तसाच पाहुण्यांना देऊ नका, विशेषतः लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका पंगतीत असतील तर.

पुन्हा गरम करायला नाताळच्या दिवशी दीड तास वाफच द्या. मायक्रोवेव्हमध्ये आख्खं पुडिंग ठेवलं तर साखर आणि चॉकलेट आतून करपतं, आणि ब्रँडी भरपूर असेल तर पेटतंही. पुडिंगमध्ये शकुनाचं नाणं घातलं असेल किंवा फॉइल राहिलं असेल तर मायक्रोवेव्ह नाहीच.

पेटवायचं असेल तर ४० टक्के अल्कोहोलची ब्रँडी, दोन-तीन टेबलस्पून, पळीत कोमट करून पेटवायची आणि मग ओतायची. चिमणीचा पंखा बंद, केस बांधलेले. चॉकलेट सॉस ज्वाळा विझल्यावर.

पारंपरिक पुडिंग ॲडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) आधीच्या रविवारी, म्हणजे २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान करून नाताळपर्यंत मुरवतात. चॉकलेटच्या पुडिंगला मी एवढं मुरवत नाही. त्यात मनुका कमी आणि ओल जास्त, बाहेर ठेवलं तर बुरशी धरते. आठवडाभर आधी करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, किंवा गार करून फ्रीझरमध्ये. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर खरवडून खायचं नाही, सगळं टाकायचं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

दोन वेळा सगळ्या तपासण्या करूनही मध्य भाग ९५ अंशांपर्यंत जात नसेल तर दोष तुमच्या शेगडीत आहे. मंद आच टिकत नाही, ज्योत आपोआप विझते, किंवा निळी असायच्या ऐवजी पिवळी, हेलकावणारी आहे, तर पुडिंग थांबवा. चार-पाच तास बंद खिडक्यांच्या स्वयंपाकघरात बिघडलेला गॅस जळत राहिला तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. डोकं दुखायला, मळमळायला लागलं तर गॅस बंद करून सगळ्यांनी बाहेर यायचं. ब्रिटनमध्ये हे काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञानंच करायचं असतं, घरी बर्नर उघडू नका. गॅसचा वास येत असेल तर बटणं न दाबता खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅस आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, रबरी रिंगमधून वाफ निसटायला लागली किंवा दाब उतरूनही झाकण अडकलं तर जोर लावू नका. तो कुकर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या. व्हॉल्व्ह घरी ठोकून बसवणं किंवा दुसऱ्या कुकरचा लावणं हे कधीच करू नका. चिनी मातीच्या भांड्याला तडा दिसला तर त्याला दुरुस्ती नाही, ते टाकून द्या.

घरात कुत्रा असेल तर पुडिंग त्याच्या तोंडाला पोचणार नाही असं ठेवा. मनुका-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात आणि डार्क चॉकलेटही त्याला विषारी. या पुडिंगमध्ये दोन्ही आहेत, वर ब्रँडी. त्यानं तुकडा जरी खाल्ला असला तरी लक्षणं दिसायची वाट पाहू नका, किती आणि केव्हा खाल्लं ते लिहून घ्या आणि लगेच पशुवैद्याला फोन करा, नाताळची सुट्टी असली तरी. आपत्कालीन दवाखाना कुठला, हे पुडिंग वाफेवर असतानाच शोधून फोनमध्ये ठेवा.